‘मास्टरिंग द आर्ट ऑफ फ्रेंच कुकिंग’ हाताशी घेऊन स्वयंपाक कसा करायचा

हे पुस्तक विकत घेणारे पुष्कळ आणि त्यातून रांधणारे थोडे. सातशेच्या आसपास पानं, फोटो एकही नाही, नुसती रेखाचित्रं. जिथे उघडावं तिथे अमुक पानावरचा सॉस आधी करून घ्या, तमुक पानावरचे कांदे शिजवून ठेवा, अशा सूचना. २००९ मध्ये या पुस्तकाच्या लेखिकेवरचा, मेरिल स्ट्रीपचा ‘ज्युली अँड ज्युलिया’ हा चित्रपट आला आणि हे पुस्तक पुन्हा धडाक्यात खपायला लागलं. त्यातल्या बऱ्याच प्रती आजही कोऱ्या करकरीत असतील. तुमची प्रत त्यांपैकी असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

आधी पुस्तकाची थोडी ओळख. ज्युलिया चाइल्डचा जन्म १९१२चा, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाचा. १९४८ मध्ये नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळे ती फ्रान्सला गेली, तोवर तिला स्वयंपाक फारसा येत नव्हता. पॅरिसच्या ‘ल कॉर्दों ब्ल’मध्ये ती शिकली. सिमोन बेक आणि लुईझेत बेर्तोल या दोन फ्रेंच मैत्रिणींबरोबर तिने छोटे पाककलेचे वर्ग काढले आणि तिघींनी मिळून हे पुस्तक लिहिलं. पहिल्या प्रकाशकाने ते नाकारलं, मग १९६१ मध्ये क्नॉफने छापलं. पुढच्या वर्षी बॉस्टनच्या एका टीव्ही कार्यक्रमात पुस्तकाबद्दल बोलायला बोलावलं तर ही बाई हॉटप्लेट घेऊन गेली आणि तिथेच ऑम्लेट करून दाखवलं. प्रेक्षकांची पत्रं आली, आणि ११ फेब्रुवारी १९६३ला ‘द फ्रेंच शेफ’ ही मालिका सुरू झाली. टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमांना जे वळण पुढे लागलं त्यात या मालिकेचा वाटा फार मोठा आहे.

आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. हे पुस्तक फ्रान्समध्ये राहणाऱ्यांसाठी लिहिलेलंच नाही. अमेरिकेतल्या साध्या दुकानात जे मिळतं त्यातून, घरात स्वयंपाकी नसताना, फ्रेंच चव कशी आणायची हा त्याचा विषय. मैदा वेगळा, बेकन वेगळं, साय वेगळी, म्हणून प्रत्येक गोष्ट पुन्हा करून पाहिलेली. पुणे, नागपूर किंवा मडगावच्या स्वयंपाकघरात आपली अडचण तीच असते, फक्त दुकान बदललेलं असतं. म्हणून माझा एकच नियम: जिन्नस खुशाल बदला, कृती बदलू नका.

पान वाचायचं कसं

पानाचे दोन रकाने आहेत. डावीकडे जिन्नस आणि भांडी, उजवीकडे कृती. पण सगळं साहित्य वर एकत्र दिलेलं नाही. ज्या पायरीला जे लागतं ते त्या पायरीच्या डाव्या बाजूला. हाताळायला हे फार सोयीचं आहे, बाजारात जायला मात्र घातक. डावा रकाना वरपासून खालपर्यंत वाचून यादी स्वतः करावी लागते. मी पेन्सिलीने आधी यादी लिहून घेते आणि त्याच कागदावर दुसऱ्या पानांचे उल्लेखही टिपते. कोंबडीची कृती दोन पानांची वाटते, पण कांदे, मशरूम आणि स्टॉक धरून ती पाच ठिकाणी पसरलेली असते.

मध्येच कंसात एक चांदणी दिसते. ती छपाईची चूक नाही. तिथपर्यंत आधी करून ठेवता येतं, अशी ती खूण. पाहुणे येणार असतील तर पहिल्यांदा या चांदण्या शोधायच्या. पुस्तकातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच, असं माझं मत.

तिसरी गोष्ट: बहुतेक ठिकाणी आधी एक मूळ कृती सविस्तर दिलेली आहे आणि तिच्यामागून तिचे प्रकार चार-पाच ओळींत. प्रकारांपासून सुरुवात केली तर हमखास अडकाल, कारण ‘का’ आणि ‘किती वेळ’ हे सगळं मूळ कृतीत सांगून झालेलं असतं.

मापं एकदाच कागदावर उतरवून फ्रिजला चिकटवा. अमेरिकन कप साधारण २४० मिलि, टेबलस्पून १५ मिलि, टीस्पून ५ मिलि. क्वार्ट म्हणजे साधारण ९५० मिलि, पाउंड ४५४ ग्रॅम, औंस २८ ग्रॅम. ओव्हनची उष्णता फॅरनहाइटमध्ये आहे: ३२५ म्हणजे सुमारे १६५ सेल्सिअस, ३५० म्हणजे १७५, ४२५ म्हणजे २२०. आपल्याकडचं रोजचं पिवळं बटर खारं असतं. बिनमिठाचं मिळालं तर उत्तम. नाही तर पाककृतीतलं मीठ निम्म्यावर आणा आणि शेवटी चव घेऊन वाढवा. सॉस आटतो तसा खारट होत जातो, म्हणून इथे हात आखडताच हवा.

पहिली पायरी: बटाट्याचं सूप

सगळे बफ बूरगिन्यों या बीफच्या प्रसिद्ध रश्श्याकडे धावतात. तुम्ही पहिल्या प्रकरणातल्या पहिल्या सुपापासून सुरुवात करा, त्याचं नाव पोताज पार्मान्तिए. बटाटे, लीक, पाणी, मीठ. बस.

अर्धा किलोच्या थोडे आत बटाटे सोलून काप करा. तितकेच लीक (कांद्याच्या कुळातली, जाड पातीसारखी दिसणारी भाजी) घ्या. लीक महाग किंवा सुकलेलं मिळालं तर कांदा घ्या; पुस्तकानेच तशी मुभा दिली आहे. कांदा उभा पातळ चिरा. दोन लिटरला थोडं कमी पाणी, एक टेबलस्पून मीठ, आणि अर्धवट झाकण ठेवून मंद आचेवर ४० ते ५० मिनिटं. फोडणी नाही, परतणं नाही. आपला हात इथे शिवशिवतो, जिरं तरी टाकू म्हणतो. पहिल्या खेपेला टाकू नका. कांदा परतला की सुपाची चव गोडसर तपकिरी होते. इथे हवा आहे तो पाण्यात शिजलेल्या कांद्याचा मऊ, पांढरा स्वाद.

प्रेशर कुकरमध्ये दहा मिनिटांत होईल की, असं वाटणारच. बटाटा शिजेल, पण पाणी आटणार नाही आणि कांद्याचा उग्रपणाही पुरता जाणार नाही. पहिल्यांदा तरी पातेल्यातच करा.

आता घोटणं. पुस्तक म्हणतं काट्याने मोडा किंवा फूड मिलमधून काढा. ते यंत्र आपल्या घरी माळ्यावर पडलेलं असतं: पुरणयंत्र. जाळीवर सूप ओता, दांडा फिरवा, खाली पातेलं. मिक्सर वापरू नका. मिक्सरच्या पात्यांनी शिजलेल्या बटाट्यातला स्टार्च मोकळा सुटतो आणि सुपाला खळीसारखा चिकटपणा येतो. पुरणयंत्रातून काढलेल्या सुपाला किंचित रवाळपणा राहतो, तोच हवा.

गॅसवरून उतरवल्यावर चार-सहा टेबलस्पून क्रीम, नाही तर दोन-तीन टेबलस्पून मऊ बटर ढवळून घाला. बटर घातल्यावर पुन्हा उकळायचं नाही. वर चिरलेली पार्स्ली. ती नसेल तर कांद्याची हिरवी पात बारीक चिरून. कोथिंबीर घातली तर सूप चांगलंच लागेल, पण ते वेगळं सूप. हे सूप सहा ते आठ जणांना पुरतं. उरलेलं गार करून, जास्त क्रीम घालून दुसऱ्या दिवशी थंड खाल्लं की तो व्हिशिस्वाझ या थंड सुपाचा घरगुती भाऊ. असा एका कृतीतून दुसरा पदार्थ निघताना पाहिलात की पुस्तकाची रचना लक्षात येते.

दुसरी पायरी: मशरूम

ही तर पाककृतीही नव्हे, पण मी शिकवायला बसले तर यावर एक अख्खी संध्याकाळ घालवेन. पाव किलोच्या आसपास बटण मशरूम, दोन टेबलस्पून बटर, एक टेबलस्पून तेल.

मशरूम धुवायचे असतील तर झटपट धुऊन कापडाने अगदी कोरडे पुसा. मोठे असतील तर चार फोडी करा. रुंद तवा किंवा फ्राइंग पॅन मोठ्या आचेवर ठेवा, त्यात बटर आणि तेल. बटरला फेस येईल. तो फेस बसायला लागला की तवा पुरेसा तापला, तेव्हाच मशरूम टाकायचे. फेस असताना टाकले तर बटरमधलं पाणी अजून उडालेलं नसतं, म्हणजे तवा थंडच. फेस बसून रंग चढला तर बटर करपायच्या बेतात. मधला क्षण पाच-दहा सेकंदांचा असतो, तो डोळ्यांनी ओळखायला शिका. हा फेस पुढे ऑम्लेटला लागतो, कोंबडीला लागतो, सगळीकडे लागतो.

पॅनमध्ये गर्दी करू नका. एकावर एक मशरूम चढले की पाणी सुटतं आणि ते वाफेवर शिजतात. आधी ते सगळं बटर पिऊन टाकतील आणि पॅन कोरडा दिसेल. घाबरून आणखी बटर घालू नका, पॅन हलवत राहा. दोन-तीन मिनिटांत स्निग्धांश पुन्हा वर येतो आणि तपकिरी रंग धरायला लागतो. रंग आला की लगेच उतरवा. मीठ शेवटी.

जिन्नस पुसून कोरडा करणं, गर्दी न करणं, तापमान ओळखणं: पुस्तकातलं अर्धं शास्त्र या पाव किलोत येऊन जातं.

ऑम्लेटबद्दल फार लिहीत नाही. दोन-तीन अंडी, एक टेबलस्पून बटर, तोच फेस, आणि सगळं अर्ध्या मिनिटात. कांदा-मिरचीचं आपलं ऑम्लेट दोन्हीकडून खरपूस करतात; हे बाहेरून फिकट आणि आतून ओलसर. घरात कोणी ‘कच्चं राहिलंय’ म्हणणारं असेल तर त्याचं वेगळं करा. वाद घालू नका.

मांसाहार करत नसाल तर

पुस्तक तुमच्यासाठी निरुपयोगी आहे असं नाही. भाज्यांचं प्रकरण मोठं आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत कमी वापरलं जातं. दोन पदार्थ आधी करा.

एक, ग्रातँ दोफिनुआ. साधारण ९०० ग्रॅम बटाट्यांचे तीन मिलिमीटर जाडीचे काप, किसणीच्या कापणीवर एकसारखे होतात. उथळ बेकिंग डिशला आतून लसणाची पाकळी चोळा, बटर लावा. काप पसरा, मीठ-मिरपूड, किसलेलं चीज, बटरचे तुकडे, वर पुन्हा एक थर. वरून एक कप उकळतं दूध. दूध उकळतंच हवं, नाही तर ओव्हनमधला अर्धा वेळ ते तापण्यात जातो. २२० अंशांवर २० ते ३० मिनिटं, बटाटा शिजून दूध मुरेपर्यंत. चीज म्हणून एमेंटाल किंवा ग्रुएर परवडत नसेल तर साधं चेडर चालतं, पण मीठ कमी करा.

दुसरा, रातातुई. वांगी, झुकिनी, कांदा, ढोबळी मिरची, टोमॅटो. यादी वाचून ही मिक्स भाजीच की, असं वाटेल. फरक एवढाच की प्रत्येक भाजी वेगळी शिजते. वांग्या-झुकिनीच्या कापांना मीठ लावून अर्धा तास ठेवायचं, सुटलेलं पाणी पुसून टाकायचं, ऑलिव्ह ऑइलमध्ये एक-एक थर दोन्ही बाजूंनी परतून बाजूला काढायचा. मग कांदा-मिरची-लसूण, त्यावर टोमॅटोचे सोललेले काप, आणि शेवटी थर लावून थोडंसं एकत्र शिजवायचं. वेळखाऊ काम आहे. पण ताटात वांगं वांग्यासारखं लागतं आणि टोमॅटो टोमॅटोसारखा. ही भाजी आदल्या दिवशी केली तर जास्त छान मुरते, आणि पोळीबरोबरही उत्तम.

मुख्य परीक्षा: कोक ओ वँ

आता वाइनमधली कोंबडी. चार ते सहा जणांसाठी. दोन दिवसांत विभागून करा, एका संध्याकाळी सगळं करायला गेलात तर जेवायला अकरा वाजतील.

बाजार असा. कोंबडी सव्वा ते दीड किलोची. दुकानात दोन गोष्टी स्पष्ट सांगायच्या: कातडीसकट हवी, आणि करी कट नको. आपल्याकडे न सांगता सोलून, बोटभर तुकडे करून देतात. इथे तंगडी, मांडी, छातीचे दोन-दोन मोठे तुकडे हवेत. मान, पाठ, पंखांची टोकं वेगळी बांधून मागा, त्यांचा स्टॉक होतो. रेड वाइन एक बाटली, कोरडी आणि ताजी. नाशिककडची मधल्या किमतीची शिराझ चालते. गोड पोर्ट वाइन अजिबात नको. बेकन शंभर ग्रॅम, छोटे सांबार कांदे वीसेक, मशरूम पाव किलो, लसूण, तमालपत्र, थाइम, टोमॅटो पेस्ट.

दारू घरात आणायची नसेल तर हा पदार्थ सोडून द्या. द्राक्षाचा रस घालून जे होतं ते गोड आणि विचित्र लागतं. त्याच प्रकरणात ओव्हनमध्ये भाजलेली, बटरने माखलेली अख्खी कोंबडी आहे, ती करा.

आदल्या दिवशी: मान-पाठ वगैरे तेलात तपकिरी परतून, एक कांदा, एक गाजर आणि पाणी घालून तास-दीड तास मंद शिजवा, गाळा. दीड-दोन कप स्टॉक मिळतो. बाजारातल्या क्यूबचा करणार असाल तर पातळ करा, तो फार खारट असतो. कांद्यांच्या बुडाला अधिक चिन्हासारखी चीर द्या म्हणजे शिजताना पाकळ्या सुटत नाहीत. उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकले की सालं झटकन निघतात. मग बटर-तेलात सगळीकडून रंग येईपर्यंत फिरवायचे, अर्धा कप स्टॉक घालून झाकून शिजवायचे. पुस्तकात ४० ते ५० मिनिटं दिली आहेत, पण सांबार कांदे लहान, ते वीस-पंचवीस मिनिटांत होतात. सुरी टोचून पाहा. मशरूम वर सांगितले तसे.

दुसऱ्या दिवशी आधी बेकन. त्याच्या काडीएवढ्या पट्ट्या करून पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि पुसून घ्या. हे वाचून पुष्कळ जण पायरी गाळतात. फ्रेंच कृतींत बिनधुरावलेलं बेकन अपेक्षित असतं, आपल्याला मिळतं ते धुरावलेलं. न उकळता घातलं तर सगळ्या रश्श्याला धुराचा वास येतो. पट्ट्या बटरमध्ये हलक्या तपकिरी करून बाजूला काढा. डुकराचं मांस चालत नसेल तर बेकन गाळा आणि बटर थोडं वाढवा, बिघडत काही नाही.

त्याच स्निग्धांशात कोंबडीचे तुकडे. कापडाने, नाही तर पेपर टॉवेलने खरोखर कोरडे पुसलेले. कातडीची बाजू खाली. तीन-चार तुकडे एका वेळी. चिकटले तर ओढू नका, रंग आला की आपणच सुटतात. भांडं जाड बुडाचं स्टील किंवा इनॅमलचं घ्या. लोखंडी कढईत वाइन काळपट होते आणि धातूची चव उतरते.

सगळे तुकडे परत भांड्यात, बेकन, मीठ, मिरपूड, झाकण, मंद आचेवर दहा मिनिटं. मग पाव कप कोन्याक किंवा ब्रँडी घालून पेटवायची. टीव्हीवर हे छान दिसतं. घरी करणार असाल तर चिमणी बंद, केस बांधलेले, तोंड लांब, आणि ब्रँडी वाटीत काढूनच ओता, बाटलीतून कधीच नाही. वर कपाटं असतील तर पेटवूच नका, मिनिटभर उकळू द्या. चवीत मला तरी फरक कळलेला नाही.

आता तीन कप वाइन, आणि कोंबडी जेमतेम बुडेल इतका स्टॉक. अर्धा टेबलस्पून टोमॅटो पेस्ट, ठेचलेल्या दोन लसूण पाकळ्या, पाव टीस्पून थाइम, एक तमालपत्र. आपलं तमालपत्र पुस्तकातल्या तमालपत्रापेक्षा वेगळं आहे. आपलं दालचिनीच्या कुळातलं, तिकडचं भूमध्य समुद्राकडचं. ‘बे लीफ’ म्हणून आयात केलेलं मिळालं तर ते घ्या, नसेल तर आपलं अर्धंच पान. झाकून, मंद आचेवर २५ ते ३० मिनिटं. उकळी फुटता कामा नये, मधूनमधून एखादा बुडबुडा यावा. मांडीला सुरी टोचल्यावर लालसर पाणी आलं नाही की झाली.

तुकडे काढून ठेवा. वर तरंगणारी चरबी पळीने काढा. मग आच मोठी करा आणि रस सव्वादोन कपांपर्यंत आटवा. इथे धीर धरा. पातळ, आंबट, जांभळ्या पाण्याला चव येते ती याच पाच-दहा मिनिटांत. तीन टेबलस्पून मैदा आणि दोन टेबलस्पून मऊ बटर बोटांनी मळून गोळा करा. गॅस बंद करून तो रसात घाला आणि व्हिस्कने घुसळा. व्हिस्क नसेल तर छोटी रवी चालते. मैद्याच्या कणांभोवती बटर असल्यामुळे गुठळ्या होत नाहीत. पुन्हा मिनिट-दोन मिनिटं उकळवा. चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरला की पुरे, ग्रेव्हीइतका दाट नको. कोंबडी, कांदे, मशरूम परत आत. चांदणी इथे येते: या टप्प्यावर झाकून ठेवता येतं, जेवायच्या आधी पाच मिनिटं मंद गरम करायचं.

पुस्तक उकडलेल्या बटाट्यांबरोबर वाढायला सांगतं. गोव्याकडचा पाव मिळत असेल तर तो घ्या, रस टिपायला त्याच्यासारखं काही नाही.

हे जमलं की बफ बूरगिन्यों, म्हणजे ‘द फ्रेंच शेफ’च्या पहिल्याच भागातला बीफचा रस्सा, नवा राहत नाही. मांस कोरडं पुसा, परता, वाइन-स्टॉक घाला, कांदे-मशरूम वेगळे शिजवा. फक्त १६५ अंशांच्या ओव्हनमध्ये अडीच-तीन तास. अमेरिका-इंग्लंडमधल्या मंडळींनी खांद्याकडचं, थोडं चरबीचं मांस मागावं. महाराष्ट्रात २०१५च्या कायद्यानंतर गाय-बैलाचं मांस हा विषय संपला. बोकडाच्या खांद्याचे मोठे तुकडे घेतले तर दोन तासांच्या आसपास टोचून बघायला लागा.

आस्पिकचं, म्हणजे जिलेटिनमध्ये गोठवलेल्या थंड पदार्थांचं प्रकरण मी बिनदिक्कत ओलांडते. ते त्या काळाच्या बुफे टेबलांसाठी होतं. १९७०चा दुसरा खंड घ्यायचा तर फ्रेंच ब्रेडसाठी घ्या. ती कृती पुष्कळ पानांची आहे आणि तिला सुट्टीचा एक अख्खा दिवस लागतो.